नाच न पाहता नाचाचा अल्बम : ऐकण्याच्या कामाच्या नोंदी

काम असं होतं. दोघा स्वतंत्र संगीतकारांनी एका नृत्यप्रयोगासाठी रचलेलं संगीत पुढे अल्बम म्हणून काढलं. अकरा ट्रॅक, ४८ मिनिटं. प्रयोग मी पाहिलेला नाही आणि त्याचं चित्रीकरणही कुठे नाही. हाताशी फक्त अल्बम आणि त्यासोबतची चार पानांची पुस्तिका. तीन आठवडे तो नीट ऐकायचा, प्रत्येक ट्रॅकचा तक्ता करायचा आणि शेवटी आठ जणांना एका खोलीत बसवून सलग ऐकवायचा, एवढा बेत. अल्बम चांगला की वाईट हे ठरवायला या नोंदी नाहीत, म्हणून नाव देत नाही. असलं काही करायला आणखी कुणी बसलं तर माझे वाया गेलेले तास त्यांचे तरी वाचावेत.

१ नोव्हेंबर

पहिलं ऐकणं. फोन, हातात मावेल एवढा ब्लूटूथ स्पीकर, स्ट्रीमिंग अ‍ॅप, आणि ऐकता ऐकता कपड्यांच्या घड्या. वहीत तीन शेरे उतरले. ट्रॅक ६ : नऊ मिनिटं काहीच घडत नाही. ट्रॅक ७ : मध्येच बंद पडतो, मीच पुढचा लावला. ट्रॅक ८ : नुसती पियानोची साथ, गाणारं माणूस कुठाय?

तिन्ही शेरे चुकीचे निघाले. खोडले मात्र नाहीत. पुढची निम्मी कामं याच तीन ओळींतून निघाली.

२ नोव्हेंबर

चौथा आणि पाचवा ट्रॅक जिथे जुळतात तिथे आवाज फुगतो आणि मग एकदम बसतो. संगीतकारांना सांधा जमला नाही असं वाटलं. अर्ध्या तासाने अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये क्रॉसफेड (एक ट्रॅक संपता संपताच पुढचा त्यावर चढवायची सोय) चालू दिसला, आठ सेकंदांचा. कधीतरी दुसऱ्याच कशासाठी मीच लावलेला. चौथ्याच्या शेवटचा चेलोचा लांब सूर आणि पाचव्याच्या सुरुवातीचा तोच सूर एकमेकांवर चढत होते. क्रॉसफेड बंद केला. आता फुगवटा गेला, पण त्याच जागी बारीकशी उचकी ऐकू यायला लागली.

४ नोव्हेंबर

उचकीचा तपास. मधल्या काळात बँडकॅम्प या साइटवरून अल्बम विकत घेतला होता, पण घाईत एमपी३ उतरवला. एमपी३मध्ये आवाज ११५२ नमुन्यांच्या तुकड्यांत भरला जातो. सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने एक तुकडा साधारण २६ मिलिसेकंदांचा. ट्रॅक तुकड्याच्या मधेच संपला तर उरलेली जागा शांततेने भरली जाते, आणि सुरुवातीलाही थोडी भर पडते. ही भर किती आणि ती कुठे टाकून द्यायची याची नोंद फाइलमध्ये ठेवता येते, पण प्रत्येक प्लेअर ती वाचतोच असं नाही. माझा वाचत नव्हता.

त्याच खरेदीवर फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काही न गाळणारी फाइल, पुन्हा उतरवून घेतलं. सांधा सपाट झाला, चेलो एकाच गजाने वाजवल्यासारखा पुढे सरकला. गाणी सुटी असतील तर या उचकीने काही बिघडत नाही. रंगमंचासाठी केलेल्या कामात मात्र एका प्रवेशातून दुसऱ्यात जाताना संगीत बहुधा थांबतच नाही, म्हणून ती इथे बोचते.

५ आणि ६ नोव्हेंबर

दोन संध्याकाळी पाण्यात.

पुस्तिकेत नऊ प्रवेशांची यादी आहे, अल्बमवर ट्रॅक अकरा, आणि क्रमही निराळा. प्रयोगात तिसरा असलेला प्रवेश अल्बमवर सातवा आहे. मला वाटलं, खरा क्रम प्रयोगाचा, तसं लावून ऐकलं की सगळं उलगडेल. प्लेलिस्ट केली. दोन प्रवेशांत दोन-दोन ट्रॅक येतात हे शोधण्यात एक संध्याकाळ गेली. दुसऱ्या संध्याकाळी ऐकायला बसलो तर सगळा अल्बम एका पट्टीत ओरडत होता. कुजबुजीसारखा पहिला ट्रॅक आणि अंगावर येणारा दहावा, दोघांचा आवाज सारखाच. शिवाय चौथ्या-पाचव्याचा तो सांधा तुटला तो तुटलाच.

८ नोव्हेंबर

आवाज सारखा का झाला ते कळलं. प्लेअरमध्ये रिप्लेगेन (ट्रॅकच्या आवाजाची पातळी जुळवून घेणारी सोय) चालू होतं आणि 'आपोआप' वर ठेवलेलं. अल्बम ओळीने वाजत असेल तेव्हा प्लेअर सगळ्या ट्रॅकना एकच वाढ-घट लावतो, त्यामुळे त्यांच्यातला उंच-सखलपणा टिकतो. क्रम विस्कटला की तो ट्रॅकनिहाय हिशेब धरतो आणि प्रत्येकाला एकाच पातळीला आणून बसवतो. काही स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्येही शफल लावलं की हाच प्रकार होतो. रिप्लेगेन पूर्ण बंद.

क्रमाचा नादही सोडला. पुस्तिकेप्रमाणे प्रयोग ७० मिनिटांचा होता आणि अल्बम ४८ चा. म्हणजे २२ मिनिटं मुळातच नाहीत, मग उरलेल्याचा क्रम लावून प्रयोग कसा उभा राहणार? संगीतकार फिलिप ग्लास यांचा 'आइनस्टाइन ऑन द बीच' हा ऑपेरा १९७६ मध्ये रंगमंचावर आला तेव्हा जवळपास पाच तास चालायचा आणि प्रेक्षकांना मधे उठून जाण्या-येण्याची मुभा होती. पहिलं ध्वनिमुद्रण निघालं तेव्हा ते चार एलपींत बसावं म्हणून कापलं गेलं. तबकडीचा वेळ वेगळा आणि रंगमंचाचा वेगळा. माझ्या अल्बमच्या दोघांनी क्रम बदलला तो ऐकणाऱ्यासाठी, हे त्या चेलोच्या सांध्यावरूनच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

९ नोव्हेंबर

ट्रॅक ६ चा निकाल. आतापर्यंत मी तो रात्री, घरातले झोपल्यावर, अगदी हळू लावत होतो. कान सगळे सूर सारख्या न्यायाने ऐकत नाही. आवाज कमी केला की खर्जाकडचे सूर आधी बुडतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये याचे आलेख काढले होते. या ट्रॅकमध्ये जे काही घडतं ते सगळं तळात आहे, ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं तर मुख्य जोर ४५ हर्ट्झच्या आसपास. ब्लूटूथ स्पीकरकडून ते वाजणंच शक्य नव्हतं, आणि रात्रीच्या आवाजात हेडफोनवरही ते गायब.

शनिवारी दुपारी मोठ्या स्पीकरवर लावलं. फोनवरच्या मापकात ७५ डेसिबलच्या आसपास. (फोनचं मोजमाप तंतोतंत नसतं, पण रोज त्याच जागी तोच फोन ठेवला की रोजची पातळी सारखी राखता येते.) तळात एक ओळ आहे आणि ती चालते. इतकी सावकाश चालते की दर चाळीस-पन्नास सेकंदांनी एक पाऊल पडतं. नऊ मिनिटांत अकरा पावलं. 'काहीच घडत नाही' च्या पुढे तारीख घालून नवा शेरा लिहिला. पातळीची खूण म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या खुंटीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा ठिपका लावला.

१० नोव्हेंबर

ट्रॅक ८ चाही निकाल लागला, पाच मिनिटांत. दोन स्पीकरवर बाईचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, पण तो समोरून येत नाही, दोन्ही कानांच्या बाहेरून आल्यासारखा वाटतो. तिचा आवाज डाव्या आणि उजव्या वाहिनीत एकमेकांच्या उलट ठेवलाय. एकीकडची लाट वर जाते तेव्हा दुसरीकडची खाली. एकाच स्पीकरमध्ये दोन्ही मिसळल्या की बेरीज शून्य. माझ्या ब्लूटूथ स्पीकरने बाईला इमानेइतबारे पुसून टाकलं होतं. हे मुद्दाम केलंय की चुकून, ते कळायला मार्ग नाही. पुस्तिकेत त्या प्रवेशात रंगमंच रिकामा आहे, त्यामुळे मुद्दामच असावं असं मी धरून चाललोय.

११ नोव्हेंबर

तक्ता. सुरुवातीला पाच रकाने आखले होते : वेळ, काय वाजतं, कुठून वाजतं, किती जवळ, आणि 'इथे नर्तक काय करत असतील'. पाचव्या रकान्याने घात केला. तीन ट्रॅकमध्येच मी एक प्रेमकथा, एक मृत्यू आणि एक पूर उभा केला आणि मग कानावर पडणारं सगळं त्या पुरातच ढकलायला लागलो. चेलो म्हणजे नदी. पियानो म्हणजे पाऊस. शाळेतल्या रसग्रहणाची सवय, दुसरं काय.

नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज नाच आणि संगीत एकमेकांपासून वेगळं रचायचे, दोन्ही एकत्र यायचं ते थेट रंगमंचावर. कनिंगहॅमच्याच २००३ च्या 'स्प्लिट साइड्स' साठी रेडिओहेड आणि सिगुर रोस या दोन बँडनी संगीत केलं, आणि कुठलं संगीत कुठल्या नाचाला जाणार ते फासे टाकून ठरायचं. सिगुर रोसचा भाग पुढच्या वर्षी स्वतंत्रपणे बाजारात आला. आता त्या संगीतात कुणी पूर शोधत बसलं तर फाशांनी काय करावं? माझा अल्बम त्या पद्धतीचा नाही, इथे दोघं तालमींना बसून काम करत होते. पण पाचवा रकाना काढून टाकायला एवढं निमित्त पुरलं. राहिले चार.

१३ ते १५ नोव्हेंबर

सगळ्यात महागडी चूक.

पुस्तिकेत दुसऱ्या प्रवेशाखाली लिहिलंय : डावीकडून प्रवेश, तिरकं उजवीकडे. तिसऱ्या ट्रॅकमध्ये एक ठोक्यांची रांग आहे, ती उजवीकडून डावीकडे जाते. मी निष्कर्ष काढून मोकळा : स्पीकरच्या तारा उलट जोडल्या आहेत. अदलाबदल केली. पुस्तिका आणि आवाज जुळले. खूश होऊन तक्त्यातलं बाकी सगळं डावं-उजवं बदलत बसलो, अडीच तास.

दुसऱ्या दिवशी हेडफोनवर तोच ट्रॅक पुन्हा उजवीकडून डावीकडे. हेडफोन उलटा घातलाय का पाहिलं, नव्हता. मग हेडफोनच सदोष आहे असं ठरवलं. मग साउंड कार्डवर संशय. मग केबलवर. नवी केबल आणली. या कामात अल्बमशिवाय झालेला तेवढा एकच खर्च, आणि तोही फुकट, कारण नव्या केबलनेही तेच.

तिसऱ्या दिवशी, जे पहिल्या मिनिटात करायला हवं होतं ते केलं. 'डावा' आणि 'उजवा' असं बोलून दाखवणारी दहा सेकंदांची चाचणी फाइल लावली. हेडफोन बरोबर. स्पीकर उलट. म्हणजे तारा आधी बरोबरच होत्या, मी त्या बिघडवल्या.

मग पुस्तिका चुकली? रंगमंचाची प्रकाशयोजना करणाऱ्या एका मैत्रिणीला फोन लावला. ती आधी पोटभर हसली. "अरे, तुझी डावी नव्हे, नटाची डावी. प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहायचं आणि मग डावी-उजवी मोजायची." नाटकवाल्यांच्या कागदावर सगळी दिशा नटाच्या बाजूने लिहितात. ध्वनी मिसळणारा मात्र प्रेक्षागृहात बसून मिसळतो. पुस्तिका आणि अल्बम दोन्ही बरोबर, उलटा होतो तो मी. तिनेच पुढे सांगितलं की मागच्या भागाला अपस्टेज म्हणतात, कारण जुने रंगमंच मागच्या बाजूला चढते असत. त्याचा मला लगेच उपयोग झाला. 'किती जवळ' या रकान्यात मी 'घुमारा जास्त', 'घुमारा कमी' असं लिहीत होतो, तिथे आता मागे-पुढे लिहायला लागलो.

तारा पुन्हा मूळ जागी. तक्त्यातलं डावं-उजवं पुन्हा बदललं, आणखी दोन तास. वरच्या कोपऱ्यात लाल शाईने 'प्रेक्षकाची डावी' असं लिहून ठेवलं.

१६ नोव्हेंबर

या सगळ्या गोंधळात तो तिसरा ट्रॅक तीसेक वेळा ऐकून झाला होता. 'कातडी वाद्य, बहुतेक मोठा ढोल' असं लिहिलं होतं. ते वाद्यच नाही. प्रत्येक ठोक्याआधी एक बारीक खरखर आहे, काही घासत येऊन टेकल्यासारखी. ठोक्यांमधलं अंतर कधीच सारखं नाही. दोन हलके, एक जड, मग काहीच नाही, मग एकदम जोरात. ही पावलं आहेत. लाकडी जमिनीच्या अगदी जवळ माइक ठेवून घेतलेली. खरखर म्हणजे चवडा घासला जातोय.

आणि ते 'मग काहीच नाही' म्हणजे उडी.

ऑडॅसिटीत जमीन सुटल्याचा आवाज आणि परत पडल्याचा आवाज यांतलं अंतर मोजलं. अर्धा सेकंद. अर्धा वेळ वर जायला, अर्धा खाली यायला, उरलेलं गणित शाळेतलं : सुमारे ३० सेंटिमीटर. ज्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, त्याची उडी मला मोजता आली. त्या ट्रॅकमध्ये अशा सात जागा आहेत, पाचवी सगळ्यात लांब. ती उंच उडी होती की खाली येताना गुडघे दुमडले म्हणून वेळ लागला, ते काही आवाजावरून कळत नाही, म्हणून सेंटिमीटर तक्त्यात लिहिले नाहीत, सेकंद लिहिले. त्या संध्याकाळी दुसरं काही केलं नाही.

१७ नोव्हेंबर

ट्रॅक ७ बंद पडत नाही. शेवटची १ मिनिट ४० सेकंदं त्यात वाद्य नाही, पण फाइल रिकामी नाही. लाटेचं चित्र मोठं करून पाहिलं तर बारीक थरथर शेवटपर्यंत आहे. रिकाम्या सभागृहाची हवा, एक श्वास, कुठेतरी कापड सरकल्याचा आवाज. माझ्या खोलीत ते ऐकू न येण्याचं कारण छतावर फिरत होतं. पंखा बंद केला. मग फ्रीजची गुणगुण उघडी पडली. तो तासाभरासाठी बंद ठेवायचं ठरलं. मग भिंतीवरचं घड्याळ. ते काढून कपाटात चादरीत गुंडाळून ठेवलं.

खुंटी वर करून ती शांतता 'ऐकू आणायचा' मोहही झाला. केलं तसं. श्वास छान आला, आणि आठव्या ट्रॅकच्या पहिल्या पियानोने खुर्चीतून उडवलं. खुंटी परत ठिपक्यावर.

१९ नोव्हेंबर

रंगीत तालीम, मी धरून तिघं. दोन गोष्टी बिघडल्या.

एक, बसायची जागा. दोघंही शेजारी शेजारी, मधल्या रेषेच्या दोन बाजूंना बसले. डावीकडच्याला सगळं डावीकडेच ऐकू आलं, उजवीकडच्याला उजवीकडे. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. जवळच्या स्पीकरचा आवाज थोडासाच आधी पोचला तरी कान तीच दिशा खरी धरतो. तिसऱ्या ट्रॅकचं ते तिरकं चालणं दोघांपैकी कुणालाच मिळालं नाही. उपाय दोन केले. खुर्च्या आडव्या रांगेत न लावता मधल्या रेषेवर एकामागे एक, दोन-दोनच्या चार जोड्या, जोडीतलं अंतर कमीत कमी. आणि स्पीकरांची तोंडं बरीच आत वळवली, इतकी की दोघांच्या सरळ रेषा पहिल्या खुर्चीच्या पुढेच एकमेकींना छेदतात. त्याने डावीकडे बसलेला माणूस जवळच्या स्पीकरच्या तोंडासमोरून बाजूला पडतो आणि लांबच्याच्या समोर येतो, मग थोडी भरपाई होते. कडेला बसून तपासलं. पूर्ण नाही, पण पावलं खोली ओलांडून जातात एवढं नक्की.

दोन, ती शांतता. पस्तिसाव्या सेकंदाला एक जण "संपलं का?" म्हणत उठला आणि पाणी प्यायला गेला. आधी सांगून ठेवावं तर मग लोक शांततेची वाट बघत बसतात, न सांगावं तर उठतात. प्रकाशयोजनावालीनेच तोडगा दिला : अल्बमबद्दल काही सांगू नकोस, दिव्याबद्दल सांग. खोलीत अंधार करायचा, मागे एक मंद दिवा ठेवायचा, आणि आल्या आल्या सांगायचं की वरचा दिवा लागेपर्यंत चालू आहे. नाटकाला लोक तेवढं तर पाळतातच.

२२ नोव्हेंबर

प्रत्यक्ष दिवस. लॅपटॉपचं इंटरनेट बंद, सगळे फोन बाहेरच्या खोलीत, माझाही. लॅपटॉपच्या सूचनांचे आवाज बंद केलेत का हे तीनदा पाहिलं. पुस्तिका कुणाला दाखवली नाही. गोष्ट सांगितली नाही. "नाचासाठी केलेलं आहे, नाच आपल्याकडे नाही," एवढंच बोललो.

पहिल्या दोन ट्रॅकला खुर्च्यांची करकर, खोकले. तिसऱ्यात पावलं सुरू झाल्यावर पुढच्या रांगेतल्या एकीने मान वळवून प्रवेश पाहिला. उजवीकडून आत, डावीकडे बाहेर. अंधारात दुसरं काहीच नव्हतं, तरी तिची मान शेवटपर्यंत वळत गेली. मी मागे बसून हे बघत होतो आणि ट्रॅक ४ सुरू झाला ते माझ्या लक्षातच आलं नाही.

सहाव्याला दोघं पेंगले. त्याबद्दल तक्रार नाही.

सातव्यातल्या शांततेत कुणी उठलं नाही. सव्वा मिनिटाला वाऱ्याने दाराची कडी हलली आणि लोखंडी खणखणाट झाला. मी कपाळावर हात मारला. नंतर चहा पिताना कळलं की आठांपैकी पाच जणांनी तो अल्बमचाच भाग धरला होता. एकाला तर ती जागा सगळ्यात आवडली. त्याला खरं सांगितलं नाही.

२३ नोव्हेंबर

हिशेब. एकूण ३७ तास. त्यातले डाव्या-उजव्यात ९, क्रम लावण्यात ५, सेटिंग शोधण्यात ३ गेले. पुन्हा करायचं झालं तर पहिल्याच दिवशी क्रॉसफेड, रिप्लेगेन आणि चाचणी फाइल उरकून घेईन, मगच अल्बमला हात लावेन. न लागलेली केबल पाकिटासकट पडून आहे.

नवव्या ट्रॅकसमोर तक्त्यात फक्त वेळ लिहिलेली आहे. तीन आठवड्यांत तिथे काय वाजतं तेही धड ओळखता आलं नाही, धातू आहे की काच. काल दोघांनी दोन वेगळी उत्तरं दिली, तिसरीने पाऊस म्हटलं.

पुढच्या महिन्यात आणखी चौघांसाठी पुन्हा ऐकवायचं आहे. कडीला कापड गुंडाळायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.